एआयचा ताळा कुणी जुळवायचा?

‘एआयबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ हा एकच प्रश्न आम्ही वाचकांना विचारला होता. आलेल्या पत्रांत उत्साह आहे, राग आहे आणि एकाच घरातली दोन टोकाची मतंही आहेत. ज्या पत्रांची उत्तरं इतरांनाही उपयोगी पडतील अशी काही इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

एका बातमीत लोक एआयवर खूश आहेत, दुसरीत घाबरलेले आहेत. पाहणी करणाऱ्यांपैकी खरं कोण बोलतंय? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक)

बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात. फरक पडतो तो प्रश्नाच्या शब्दांमुळे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं 2023 मध्ये 11 हजारांहून जास्त प्रौढांना विचारलं, की रोजच्या जगण्यात एआयचा वापर वाढतोय याचा तुम्हाला उत्साह जास्त वाटतो, चिंता जास्त वाटते की दोन्ही सारखंच? चिंता जास्त म्हणणारे 52 टक्के निघाले आणि उत्साह जास्त म्हणणारे फक्त 10 टक्के. 2021 मध्ये हाच प्रश्न विचारला तेव्हा चिंता जास्त म्हणणारे 37 टक्के होते. इप्सॉस या संस्थेनं 2024 मध्ये वेगळा प्रश्न विचारला, की एआय वापरणाऱ्या वस्तू आणि सेवांचे फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का? चीनमध्ये 83 टक्के, इंडोनेशियात 80 टक्के, थायलंडमध्ये 77 टक्के लोक हो म्हणाले. अमेरिकेत 39 टक्के आणि नेदरलँड्समध्ये 36 टक्के.

आता फक्त अमेरिकेचे आकडे शेजारी ठेवा. जवळपास त्याच काळात एका पाहणीत 10 टक्के लोक एआयच्या बाजूचे दिसतात, दुसरीत 39 टक्के. यात विसंगती नाही. मिक्सरचे फायदे जास्त आहेत असं म्हणणारा माणूस मिक्सरबद्दल उत्साहात असतोच असं नाही.

त्यामुळे अशी बातमी वाचताना तीन गोष्टी शोधा. पहिली, मूळ प्रश्न शब्दशः दिलाय का? दिला नसेल तर त्या आकड्यावर वाद घालू नका. दुसरी, लोक निवडले कसे? ऑनलाइन पाहणीत आपल्यासारख्या देशातून शहरी, शिकलेले, हातात चांगला फोन असलेले लोकच जास्त येतात आणि तेच एआय जास्त वापरतात. तिसरी, किती जणांना विचारलं? माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली असतील तर हजार जणांच्या पाहणीत आकडा साधारण 3 टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, चारशे जणांच्या पाहणीत 5 टक्के. ‘पाठिंबा 48 वरून 50 वर गेला’ असा मथळा हजार जणांच्या जोरावर करता येत नाही.

आणि एक खास मराठीतली अडचण. ‘तुम्हाला एआयची काळजी वाटते का?’ असं विचारलं तर ‘काळजी’ हा शब्द भीतीकडेही झुकतो आणि जपण्याकडेही. कॉलेजच्या प्रकल्पासाठी पाहणी करणार असाल तर ‘भीती वाटते का’ आणि ‘नुकसान होईल असं वाटतं का’ असे दोन वेगळे प्रश्न ठेवा आणि आधी दहा-बारा जणांवर वापरून पाहा. प्रश्न नेमका कुठे अडखळतो ते लगेच कळेल.

आम्ही बँकेत असताना संगणकाला विरोध केला. पुढे त्याच संगणकानं आमचं काम हलकं केलं. आता मुलगा म्हणतो, तेव्हा तुम्ही चुकलात, आता एआयला विरोध करणारेही चुकताहेत. हे बरोबर आहे का? (निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

तुमच्या मुलाचं अर्धंच म्हणणं खरं आहे. विरोधामुळे संगणक थांबला नाही, पण तो कोणत्या अटींवर आला हे विरोधामुळे ठरलं. 1983 मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन ही बँकांची संस्था आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. पुढच्या वर्षी बँकांच्या संगणकीकरणावर रंगराजन समितीचा अहवाल आला आणि 1987 मध्ये पुन्हा करार झाला. यंत्रं किती आणि कुठे येतील यावर मर्यादा आल्या, यंत्रावर काम करणाऱ्याला वेगळा भत्ता मिळाला. लेजर पोस्टिंग मशीन, म्हणजे खातेवहीच्या नोंदी करणारी यंत्रं, शाखांमध्ये टप्प्याटप्प्यानं आली आणि माणसांना शिकायला वेळ मिळाला. कर्मचाऱ्यांची मोठी गळती पुढे 2000-01 मधल्या स्वेच्छानिवृत्तीत झाली. तेव्हा सरकारी बँकांतून सुमारे 1 लाख लोक बाहेर पडले. म्हणजे नोकऱ्या जाण्याची भीती निराधार नव्हती. परिणाम उशिरा झाला आणि तो पैसे देऊन झाला.

हॉलिवूडमध्ये 2023 साली हेच दिसलं. तिथल्या पटकथालेखकांचा संप 148 दिवस चालला. करारात एआयवर बंदी आली नाही. यंत्रानं लिहिलेला मजकूर ‘लेखकाचं साहित्य’ धरायचा नाही, लेखकावर एआय वापरायची सक्ती करायची नाही आणि हातात दिलेला मजकूर यंत्राचा असेल तर निर्मात्यानं तसं सांगायचं, अशा अटी आल्या. कामगारांच्या विरोधाचं मोल अशा अटींवरूनच करायला हवं. यंत्र थांबलं की नाही ही त्याची कसोटी नव्हे.

मात्र संगणक आणि एआयच्या या तुलनेत एक मोठा फरक राहून जातो. लेजर मशीन सांगितलं तेवढंच करायचं. दिवसअखेर ताळा जुळला नाही तर कुणी घरी जात नसे. व्हाउचर एकेक करून तपासली जायची आणि चुकीची नोंद सापडायचीच. आजचा चॅटबॉट पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, या हिशेबानं वाक्य रचतो. त्याच्या उत्तराला दिवसअखेरचा ताळाच नसतो. चुकलेलं उत्तरही बरोबर उत्तराइतकंच नीटनेटकं आणि ठाम दिसतं. म्हणून आज संघटनेनं मागायची पहिली अट ‘यंत्र किती’ ही असू नये. यंत्राचं उत्तर कोण तपासणार, त्याला त्यासाठी किती वेळ मिळणार आणि चूक निसटली तर मेमो कुणाला मिळणार, हे लेखी मागायला हवं. तपासायला वेळ न देता सही मात्र कर्मचाऱ्याचीच घेतली जात असेल, तर तो विरोध पूर्णपणे रास्त आहे.

आमच्या गावात एआय वापरून ऊस करण्यावरून दोन तट पडलेत. एक गट म्हणतो एकरी उत्पन्न वाढेल, दुसरा म्हणतो हा कारखान्याचा आणि कंपन्यांचा खेळ आहे. कुणाचं ऐकावं? (ऊस उत्पादक, पुणे जिल्हा)

बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं उसावर हे काम उभं केलं आणि जून 2025 मध्ये राज्य सरकारनं कृषी-एआय धोरणाला मंजुरी देऊन 500 कोटी रुपयांची तरतूद ठेवली. त्यामुळे हा विषय आता गावोगावी येणारच. दोन्ही गटांकडे थोडं-थोडं खरं आहे, पण दोघंही यंत्र बांधावर काय करतं ते न पाहता भांडताहेत.

या पद्धतीत माहिती तीन ठिकाणांहून येते. उपग्रहाची छायाचित्रं, शेतातलं किंवा जवळचं हवामान केंद्र आणि जमिनीत पुरलेले ओलाव्याचे सेन्सर. ही माहिती एकत्र करून पाणी, खत आणि रोग-किडीचा सल्ला फोनवर येतो. तिन्हींची दुखणी वेगळी आहेत.

उपग्रहाचं पाहा. सर्रास वापरली जाणारी सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची छायाचित्रं सुमारे 5 दिवसांनी मिळतात आणि त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 मीटर बाय 10 मीटरचा चौकोन. एका एकरात असे साधारण 40 ठिपके बसतात. पण तुमचं रान 20 मीटर रुंद आणि 100 मीटर लांब असेल, म्हणजे वाटणीत आलेले 20 गुंठे, तर रुंदीत दोनच ठिपके येतात आणि दोन्हींत बांध, बांधावरची झाडं आणि शेजाऱ्याचा ऊस मिसळतो. शेजाऱ्यानं पाणी चुकवलं तरी तुमचं रान पिवळं दिसू शकतं. शिवाय जुलै ते सप्टेंबर ढग असले की असं छायाचित्र निरुपयोगी होतं. रडारचा उपग्रह ढगांतून पाहतो, पण त्यात पानांची हिरवाई दिसत नाही. म्हणून सल्ला देणाऱ्याला थेट विचारा, की पावसाळ्यात तुम्ही कशावरून सांगता? लांबट, अरुंद रान असेल तर उपग्रहाच्या भरवशावर पैसे घालू नका.

सेन्सरच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका बसवताना होतात. ठिबकवर ऊस असेल तर सेन्सर ड्रिपरच्या बरोबर खाली नको, त्यापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर हवा. एक 20 सेंटिमीटर खोलीवर आणि दुसरा 40 वर. खड्डा घेऊन न हललेल्या मातीच्या भिंतीत सेन्सर आडवा दाबायचा, त्याच मातीचा पातळ चिखल करून पोकळी भरायची आणि दोन पाण्याच्या पाळ्या होईपर्यंत आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. काळ्या भारी जमिनीत भेगा पडतात. भेग सेन्सरजवळून गेली की त्याच्याभोवती हवा राहते, आकडा ‘कोरडं’ दाखवतो आणि फोनवर ‘पाणी द्या’ येतं. अशा वेळी पाणी दिलं तर मुळ्या कुजायला निमंत्रण. उलट पाणी देऊनही आकडा जागचा हलला नाही, तर ड्रिपर तुंबलाय किंवा केबल उंदरानं कुरतडलीय. मोठ्या बांधणीच्या, म्हणजे उसाला मातीची भर लावण्याच्या, आधी सेन्सर आणि केबल काढून ठेवा. या एका कामात सगळ्यात जास्त वायरी तुटतात.

आकड्याचा ताळा हातानं घ्या. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी सेन्सरपासून हातभर अंतरावर, तितक्याच खोलीवरची माती काढा आणि मुठीत दाबा. गोळा होऊन हाताला चिकटत नसेल आणि बोटानं दाबताच फुटत असेल, तर वाफसा, म्हणजे पिकाला हवा तेवढाच ओलावा, आहे. फोन काय म्हणतो ते शेजारी लिहा. पंधरा दिवसांत पाच-सहा नोंदी झाल्या की तुमच्या जमिनीत सेन्सरचा कोणता आकडा म्हणजे वाफसा, हे कळतं. कंपनीनं दिलेला सरसकट आकडा मुरमाड आणि काळ्या रानाला सारखा लागू होत नाही.

आता दुसऱ्या गटाची शंका. ती सहज उडवून लावू नये. उपग्रहावरून कोणता ऊस केव्हा पक्व होईल याचा अंदाज बांधता येतो आणि त्यावरून तोडीचा क्रम लावता येतो. कारखान्याच्या उताऱ्यासाठी, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणासाठी, ते चांगलं आहे. पण अंदाज चुकला आणि तुमची तोड महिनाभर मागे गेली, तर तूट तुमची. म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून मागा. रानाची माहिती कारखान्याखेरीज कुणाला मिळणार? तोडीचा क्रम यावरून ठरणार असेल तर हरकत कुणाकडे आणि किती दिवसांत घ्यायची? योजना संपल्यावर सेन्सर आणि जुन्या नोंदी कुणाच्या?

आणि गावातला वाद बोलून मिटणार नाही, वजनकाट्यावर मिटेल. सगळं रान देऊ नका. एकाच रानाचे दोन भाग करा. लागणीची तारीख, जात, बेणं दोन्हीकडे एकच. एका भागाला नेहमीची पद्धत, दुसऱ्याला एआयचा सल्ला. मोटारीचे तास आणि खताच्या गोण्या दोन वेगळ्या वह्यांत लिहा आणि तोडीच्या वेळी खेपा वेगळ्या भरून पावत्या वेगळ्या ठेवा. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर सगळी कामं वेळेवर होतात, त्यामुळे तिथला वाढीव टन एआयमुळे किती आणि वेळेवरच्या खुरपणीमुळे किती, हे त्यातून सुटं करता येत नाही. तुमच्या दोन भागांत ते करता येईल. एका हंगामावरून मात्र निकाल देऊ नका, खोडवाही, म्हणजे तोडीनंतर त्याच खोडांतून फुटणारा ऊसही, पाहा.

भाषांतराची कामं आता ‘यंत्राचं भाषांतर फक्त तपासून द्या’ अशी येतात, दर निम्म्याहून कमी. माझे सहकारी म्हणतात नकार द्यायचा, मला काम सोडणं परवडत नाही. (भाषांतरकार, ठाणे)

नकार द्यायचा की नाही हे हिशेब करून ठरवा. एकाच कागदपत्रातले 300 शब्द स्वतः भाषांतरित करा आणि वेळ लावा. पुढचे 300 यंत्राच्या मसुद्यावरून दुरुस्त करा आणि पुन्हा वेळ लावा. समजा तुमचा दर शब्दाला 1 रुपया आहे आणि तासाला 300 शब्द होतात, म्हणजे ताशी 300 रुपये. तपासणीत तासाला 500 शब्द होत असतील आणि दर 40 पैसे असेल तर हातात 200 रुपये पडतात. तीच कमाई राखायला दर 60 पैसे हवा. त्याखाली काम घेतलं तर दर तासाला तुम्ही खिशातून भर घालताय. बातमीसारख्या मजकुराचा आणि करारपत्राचा हिशेब वेगळा येईल, म्हणून प्रत्येक प्रकाराची चाचणी वेगळी करा.

तपासताना आधी भाषा सुधारायला बसू नका. यंत्राची मराठी आता वाचायला गुळगुळीत असते आणि तिथेच डोळा फसतो. पहिल्या फेरीत मूळ मजकूर शेजारी ठेवून फक्त आकडे, नावं, नकार आणि अटी पाहा. 2.5 मिलियनचे 25 लाख व्हायला हवेत, तिथे अडीच लाख झालेले नाहीत ना? ‘सगळे दावे मंजूर होत नाहीत’ हे वाक्य ‘एकही मंजूर होत नाही’ असंही वाचता येतं. तिथे ‘काही दावे नामंजूर होऊ शकतात’ असं स्पष्ट करा. इंग्रजी ‘अंकल’चा यंत्र बहुधा काका करतं. वारसाच्या अर्जात मामाचा काका झाला तर ती भाषेची चूक राहत नाही, हक्काची होते. दुसऱ्या फेरीत मूळ बाजूला ठेवून नुसती मराठी वाचा. ‘ग्राहकाद्वारे अर्ज सादर केला जाणे आवश्यक आहे’ याचं ‘ग्राहकानं अर्ज द्यावा’ होतं. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला र नीट पाहा, एक डोंगरातली आणि दुसरा समुद्र. दीड-दोन तासांनी थांबा. थकलेला डोळा छापील नेटकेपणावर विश्वास ठेवायला लागतो.

करारात दोन ओळी हव्यात. मसुदा फारच वाईट असेल तर तो परत करून नव्यानं, पूर्ण दरानं काम करायचा हक्क. आणि ग्राहकाचा मजकूर फुकटच्या कोणत्याही साधनात टाकायचा नाही, हे दोघांनाही बंधनकारक.

निबंध एआयनं लिहिलाय का हे सांगणारं साधन शाळेनं घ्यावं, असा पालकांचा आग्रह आहे. घ्यावं का? (मुख्याध्यापिका, छत्रपती संभाजीनगर)

त्यावरून कुणालाही शिक्षा करायची असेल तर घेऊ नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनंच जानेवारी 2023 मध्ये असं साधन काढलं होतं. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत इंग्रजी मजकुरावर त्यानं यंत्राचं 26 टक्के लेखन ओळखलं आणि माणसानं लिहिलेलं 9 टक्के लेखन यंत्राचं ठरवलं. जुलैमध्ये ते बंद केलं. हे प्रमाण 60 मुलांच्या वर्गाला लावा. 50 जणांनी स्वतः लिहिलं आणि 10 जणांनी यंत्राकडून घेतलं असं धरा. खऱ्या दहांपैकी दोन-तीन सापडतील आणि प्रामाणिक पन्नासांपैकी चार-पाच जणांवर आळ येईल. पकडलेल्यांत निर्दोषच जास्त. नवी साधनं याहून बरी असतील, पण ‘मराठीवर किती मजकूर तपासला आणि किती प्रामाणिक मुलं चुकीची पकडली?’ याचं लेखी उत्तर विक्रेत्याकडून घ्या.

त्यापेक्षा विषय बदला. ‘पावसाळा’ ऐवजी ‘या आठवड्यात आपल्या बाजारात कोणत्या तीन भाज्यांचे भाव बदलले आणि विक्रेत्यानं कारण काय सांगितलं’. कच्चा मसुदा वर्गात, वहीत, वीस मिनिटांत. आणि वही तपासताना प्रत्येक मुलाला तोंडी दोन प्रश्न: हा शब्द इथे का घेतलास, हा परिच्छेद काढला तर काय बिघडेल? ज्यानं लिहिलंय तो अडखळत का होईना, उत्तर देतो.

तज्ज्ञांचंच एकमत नाही, मग आम्ही कुणावर विश्वास ठेवायचा? (वाचक, पणजी)

आजच्या एआयचा पाया घालणाऱ्या जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ आणि यान लकून या तीन शास्त्रज्ञांना संगणकशास्त्रातलं मानाचं ट्युरिंग पारितोषिक 2018 साठी एकत्र मिळालं. हिंटन यांनी मे 2023 मध्ये गूगल सोडलं आणि ते धोक्याबद्दल मोकळेपणानं बोलू लागले. बेंजिओंनाही ती चिंता वाटते. लकून यांना मानवजातीच्या अंताची भीती अवास्तव वाटते. यंत्राच्या आत काय चालतं यावर तिघांचाही अधिकार मोठा आहे. एखाद्या पेशाचं काय होईल यावर तो तितका चालत नाही. 2016 मध्ये हिंटन म्हणाले होते, की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापुढे जाईल. ती पाच वर्षं केव्हाच उलटली आणि रेडिओलॉजिस्ट अजून हवेच आहेत, कारण त्यांचं काम फक्त चित्र पाहण्याचं नाही. तुमच्या पेशाबद्दलचं भाकीत ऐकलं तर त्या पेशात रोज काम करणाऱ्याला विचारा, की यातला कोणता भाग यंत्राकडून खरंच होतोय?

नातवाच्या आवाजात पैशांसाठी फोन येतात असं ऐकून आई फोनच घेईना. (गृहिणी, बेळगाव)

आवाजाची नक्कल आता थोड्याशा ध्वनिफितीवरून होते, त्यामुळे आवाज ओळखीचा वाटला तरी ती खूण धरू नका. आईंना एवढंच शिकवा: पैशांचं नाव निघालं की फोन ठेवायचा आणि स्वतःच्या यादीतल्या नंबरवर नातवाला लावायचा. त्यानं नाही उचलला तर घरातल्या दुसऱ्याला. घरच्यांचा एक परवलीचा शब्द ठरवा, जो कुठेही लिहिलेला नाही, शेतातल्या जुन्या बैलाचं नाव वगैरे. यादीतले चार नंबर मोठ्या अक्षरांत फोनजवळच्या भिंतीवर चिकटवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवून बोला.